जिवाणूंच्या गुणसूत्राची प्रतिकृती आणि ‘नियंत्रण’ ही संकल्पना : एक चिकित्सा

प्रास्ताविक

हिंगोली जिल्ह्यातील हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक आहे. पेरणीपूर्वी बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळण्याची पद्धत येथील शेतकऱ्याला नवीन नाही. दर 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅमचे एक पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून लावायचे, बियाणे सावलीत सुकवायचे आणि लगेच पेरायचे, ही शिफारस कृषी विद्यापीठाने आणि कृषी खात्याने गावोगाव पोचवली आहे. त्याच सुमारास महाविद्यालयांचे नवे सत्र सुरू होते आणि जीवशास्त्राच्या वर्गांत ‘डीएनएची प्रतिकृती’ हे प्रकरण शिकवले जाते. पाकिटातला जिवाणू आणि फळ्यावरचा जिवाणू हे एकाच सृष्टीतले असूनही त्यांचा परस्परांशी संबंध जोडला जात नाही.

हा संबंध तुटण्याचे कारण केवळ वेळेचा अभाव हे नसून विषयाच्या मांडणीतच काही मूलभूत उणीव आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जिवाणू आपल्या गुणसूत्राची प्रतिकृती ‘कशी’ तयार करतो हे आपण तपशिलाने शिकवतो; ती ‘केव्हा’ सुरू करतो हे घाईने सांगतो; आणि ‘कोणाच्या सत्तेने’ सुरू करतो हा प्रश्न बहुधा विचारतच नाही. वास्तविक ‘नियंत्रण’ या शब्दाचा सारा आशय शेवटच्या दोन प्रश्नांत आहे. या संकल्पनेचा इतिहास, तिच्या मर्यादा आणि तिच्या अध्यापनातील उणिवा यांची चिकित्सा करणे हे या लेखाचे प्रयोजन आहे. विविध विद्याशाखांतील प्राध्यापक हा या नियतकालिकाचा वाचकवर्ग असल्यामुळे तांत्रिक तपशील आवश्यक तेवढाच दिला आहे.

प्रश्नाचे स्वरूप : हिशेब जुळत नाही तेथून

मॅथ्यू मेसेल्सन आणि फ्रँकलिन स्टाल यांनी 1958 मध्ये डीएनएच्या दोन धाग्यांपैकी प्रत्येक धागा नव्या रेणूत जसाच्या तसा जातो व त्याला नवा जोडीदार मिळतो, हे प्रयोगाने सिद्ध केले. जॉन केर्न्स यांनी 1963 मध्ये ई. कोलाय या जिवाणूचे गुणसूत्र एकसंध वर्तुळाकार असल्याचे छायाचित्रच मिळवले. पाठ्यपुस्तकांतील प्रकरणाचा मोठा भाग या दोन निष्कर्षांवर आणि त्यानंतर सापडलेल्या विकरांच्या यादीवर उभा असतो.

परंतु नियंत्रणाचा प्रश्न निराळ्या ठिकाणी उद्भवतो. ई. कोलायच्या गुणसूत्रात सुमारे 46 लाख 40 हजार आधारक जोड्या आहेत. प्रतिकृतीचे काम एका निश्चित आरंभस्थानापासून दोन्ही दिशांनी चालते. धागे जेथे उसवतात ती दोन बेचकी वर्तुळावरून विरुद्ध दिशांना सरकत जाऊन समोरच्या टोकाला भेटतात. म्हणजे प्रत्येक बेचक्याच्या वाट्याला सुमारे 23 लाख 20 हजार जोड्या येतात. चांगल्या पोषणात या कामाला साधारण 40 मिनिटे लागतात. हिशेब केल्यास वेग दर सेकंदाला सुमारे 967 जोड्या इतका येतो. त्यानंतर पेशी प्रत्यक्ष विभागण्यास आणखी 20 मिनिटे लागतात. स्टीफन कूपर आणि चार्ल्स हेल्मस्टेटर यांनी 1968 मध्ये हे दोन कालखंड मोजले. त्यांची बेरीज 60 मिनिटे होते.

तथापि हाच जिवाणू भरपूर अन्न मिळाल्यास दर 20 मिनिटांनी विभागतो. ज्या कामाला 60 मिनिटे लागतात ते 20 मिनिटांत कसे पूर्ण होते? उत्तर असे की, कामाचा वेग वाढत नाही; आरंभ अलीकडे ओढला जातो. पहिली प्रतिकृती अपुरी असतानाच तिच्यावर दुसरी, आणि दुसरीवर तिसरी सुरू होते. आज जन्मणाऱ्या पेशीला जे पूर्ण गुणसूत्र मिळते त्याच्या प्रतिकृतीचा आरंभ तिच्या पणजीच्या आयुष्यात झालेला असतो. अशा वाढीत एका पेशीत सरासरी 8 आरंभस्थाने असतात.

या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. बेचक्याचा वेग जवळजवळ ठरलेला असेल, तर जिवाणूच्या हाती उरतो तो एकच निर्णय : आरंभ केव्हा करायचा. नियंत्रण म्हणजे आरंभाच्या क्षणाची निवड. हे एकदा लक्षात आले की विकरांची लांबलचक यादी दुय्यम ठरते. आपल्या अध्यापनात मात्र या दोहोंचे महत्त्व नेमके उलटे झालेले दिसते. विद्यार्थी हेलिकेज, प्रायमेज, पॉलिमरेज, लायगेज ही नावे क्रमाने म्हणून दाखवतो; परंतु 60 मिनिटांचे काम 20 मिनिटांत कसे, असे विचारल्यास तो गोंधळतो. त्याला काळाचे परिमाण दिलेलेच नसते.

आरंभकाची कल्पना : सामर्थ्य आणि मर्यादा

नियंत्रणाचा पहिला व्यवस्थित सिद्धान्त फ्रान्स्वा झाकोब, सिडनी ब्रेनर आणि फ्रान्स्वा क्यूझँ यांनी 1963 मध्ये मांडला. ‘रेप्लिकॉन’ या नावाने तो ओळखला जातो. त्याचा गाभा असा : गुणसूत्रावर एक विशिष्ट जागा असते आणि त्या जागेवर कार्य करणारा एक आरंभक पदार्थ असतो. आरंभक जागेवर आला की प्रतिकृती सुरू होते. दोनच वर्षांपूर्वी झाकोब आणि झाक मोनो यांनी जनुकांच्या नियमनाची जी उपपत्ती मांडली होती, तिच्यात अवरोधक हा नायक होता. तो असेपर्यंत जनुक गप्प असते, तो दूर झाला की बोलू लागते. रेप्लिकॉनच्या कल्पनेत चिन्ह बदलले. येथे नियमन नकाराने नव्हे, होकाराने होते.

या सिद्धान्ताची दूरदृष्टी वादातीत आहे. आरंभस्थान सापडले, ‘ओरि-सी’ या नावाची ती सुमारे 245 जोड्यांची जागा आहे. आरंभकही सापडला, तो डीएनए-ए हे प्रथिन होय. आर्थर कोर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट फुलर आणि जॉन कागुनी यांनी 1981 मध्ये परीक्षानळीत, पेशीविना, याच जागेपासून प्रतिकृती सुरू करून दाखवली. अठरा वर्षांपूर्वी तर्काने वर्तवलेली दोन्ही पात्रे रंगमंचावर प्रत्यक्ष अवतरली असे म्हणणे वावगे ठरू नये.

असे असले तरी या सिद्धान्ताने ज्या प्रश्नाचे उत्तर दिल्यासारखे वाटते, त्याचे उत्तर त्याने दिलेले नाही. आरंभकामुळे आरंभ होतो हे खरे. पण आरंभकाला वेळ कोण सांगतो? त्याच्यावर दुसरा नियामक कल्पिला, तर त्या नियामकाच्या वर तिसरा कोण, हा प्रश्न उरतोच. तर्कशास्त्रात ज्याला अनवस्था म्हणतात तोच हा दोष. नाव देणे आणि कारण सांगणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पाठ्यपुस्तकातील ‘डीएनए-ए हे प्रथिन प्रतिकृतीचे नियंत्रण करते’ हे वाक्य पहिल्या प्रकारात मोडते. विद्यार्थी मात्र ते दुसऱ्या प्रकारचे समजून पाठ करतो.

कर्त्याविना नियमन : नंतरचा पुरावा

अनवस्थेतून बाहेर पडण्याची वाट विल्यम डोनाची यांनी 1968 मध्येच सुचवली होती. पेशीच्या आकारमानाची आकडेवारी आणि कूपर-हेल्मस्टेटर यांचे कालखंड एकत्र मांडून त्यांनी दाखवले की, वाढीचा वेग कोणताही असो, आरंभाच्या क्षणी दर आरंभस्थानामागे पेशीचे वस्तुमान जवळपास सारखेच असते. जिवाणू घड्याळ पाहत नाही. तो स्वतःची वाढ पाहतो. सॅन डिएगो येथील संशोधकांनी 2017 मध्ये अनेक परिस्थितींत ही स्थिरता पुन्हा पडताळून पाहिली.

वाढीचे माप घेतले कसे जाते, याविषयी निरनिराळ्या उपपत्ती पुढे आल्या. फ्लेमिंग हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये मांडलेली उपपत्ती विशेष उल्लेखनीय आहे. डीएनए-ए प्रथिन चिकटू शकेल अशा जागा संपूर्ण गुणसूत्रावर विखुरलेल्या आहेत. पेशी वाढते तसतसे हे प्रथिन वाढते आणि आधी या विखुरलेल्या जागा भरत जातात. त्या भरल्यानंतर जे उरते ते आरंभस्थानावर पोचते. प्रतिकृती सुरू झाली की जागांची संख्या वाढते आणि प्रथिन पुन्हा कमी पडते. पाणी चारीने सोडले असता आधी वरचे वाफे भिजावेत आणि मगच शेवटच्या वाफ्यात पाणी उतरावे, तसाच हा प्रकार आहे. यात वेगळा नियामक नाही; गुणसूत्र हेच स्वतःचे माप आहे.

दुसरी बाजू प्रथिनाच्या स्थितीची आहे. डीएनए-ए प्रथिन एटीपी या रेणूशी जोडलेले असताना कार्यक्षम असते. त्या एटीपीचे विघटन होऊन एडीपी झाले की ते निष्क्रिय होते. हे विघटन घडवणारे एचडीए हे प्रथिन बेचक्यावर बसलेल्या कड्यासारख्या प्रथिनाच्या साहाय्याने काम करते. म्हणजे प्रतिकृती चालू असणे हीच गोष्ट नव्या आरंभाला रोखते. याशिवाय सेक-ए हे प्रथिन नुकत्याच दुप्पट झालेल्या आरंभस्थानाला काही काळ झाकून ठेवते, जेणेकरून तेथून लगेच दुसरा आरंभ होऊ नये. गुणसूत्रावरील डॅट-ए ही जागा डीएनए-ए प्रथिनाला निष्क्रिय करण्यास, तर डार्स या जागा त्याला पुन्हा सक्रिय करण्यास हातभार लावतात.

या सर्वांत निर्णायक कोण? स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा प्रश्न थेट प्रयोगाला घातला. एकेक पेशी हजारो विभाजनांतून पाहत त्यांनी एकेक यंत्रणा काढून टाकली. नव्या डीएनए-ए प्रथिनाची निर्मिती थांबवल्यावरही आरंभाच्या वेळचा पेशीचा आकार थोडासाच वाढला. डॅट-ए आणि डार्स यांनी एकमेकांची उणीव भरून काढली. मात्र बेचक्याशी निगडित असलेली निष्क्रिय करणारी यंत्रणा मोडताच आरंभाचे गणित मुळापासून बिघडले. प्रथिनाच्या एकूण प्रमाणापेक्षा त्याच्या सक्रिय आणि निष्क्रिय स्थितींमधील अदलाबदल अधिक महत्त्वाची, असा त्याचा अर्थ होतो. हॅन्सन यांची वाफ्यांची उपपत्ती यामुळे खोटी ठरत नाही. परंतु ती एकटी पुरेशी नाही एवढे स्पष्ट होते.

याहून धक्कादायक बाब म्हणजे आरंभक आणि आरंभस्थान या दोहोंवाचूनही ई. कोलाय जगू शकतो. टोकियो कोगोमा यांनी दाखवले की, आरएनए आणि डीएनए यांची संकरित जोडी तोडणारे विशिष्ट विकर नसलेल्या पेशींत प्रतिकृती अन्य ठिकाणांहून सुरू होते आणि ओरि-सी नसतानाही पेशी टिकतात. अशा संकरित रचनांचा दीर्घकालीन अभ्यास हैदराबाद येथे जे. गौरीशंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही केला आहे. म्हणजे 1963 च्या सिद्धान्तात जे अपरिहार्य मानले गेले ते वस्तुतः नेहमीचे आणि सुव्यवस्थित आहे, अपरिहार्य नाही. आरंभस्थान नसेल तर जिवाणू मरेलच असे नाही, पण त्याचा वेळेचा ताळमेळ बिघडतो. नियंत्रणाचा खरा अर्थ या भेदातच दडलेला आहे.

एकाच जिवाणूचे राज्य

आतापर्यंतचे सर्व विवेचन एकाच जिवाणूविषयी झाले, हेही येथे नोंदवले पाहिजे. ई. कोलायवर साठ-सत्तर वर्षे एकाग्रतेने काम झाले म्हणूनच एवढे खोल ज्ञान मिळाले. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘ई. कोलायमध्ये’ या शब्दांच्या जागी ‘जिवाणूंमध्ये’ हा शब्द सहज बसवण्याबद्दल.

कॉलोबॅक्टर या पाण्यात राहणाऱ्या जिवाणूचे उदाहरण घ्यावे. त्याच्या विभाजनातून दोन भिन्न अपत्ये निपजतात. एक देठाने चिकटून राहते आणि लगेच प्रतिकृती सुरू करते. दुसरे शेपटीच्या साहाय्याने पोहत जाते आणि पोहत असेपर्यंत प्रतिकृती करीत नाही. त्याच्या आरंभस्थानावर सीटीआर-ए हे प्रथिन पहारा देत असते, असे ल्युसी शपायरो यांच्या गटाने 1998 मध्ये दाखवले. येथे होकारापेक्षा नकारच प्रभावी आहे.

पटकीच्या जिवाणूत दोन गुणसूत्रे आहेत. एक सुमारे 29 लाख 60 हजार आणि दुसरे सुमारे 10 लाख 70 हजार जोड्यांचे. दोन्हींचे काम जवळपास एकाच वेळी संपते. 2016 मध्ये स्पष्ट झाले की, मोठ्या गुणसूत्रावरील एका विशिष्ट जागेची प्रतिकृती झाली की ती धाकट्याच्या आरंभाची खूण ठरते. धाकट्याने थोरल्याची वाट पाहावी, अशी ही व्यवस्था आहे.

क्षयाच्या जिवाणूची गोष्ट आपल्या देशाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. टी. हिरियण्णा आणि टी. रामकृष्णन यांनी 1986 मध्ये या जिवाणूच्या प्रतिकृतीचा काळ मोजला. तो सुमारे 10 तास भरला. त्याचे गुणसूत्र सुमारे 44 लाख जोड्यांचे, म्हणजे ई. कोलायपेक्षा किंचित लहानच आहे. तरीही काम कित्येक पटींनी संथ चालते आणि पेशी दुप्पट होण्यास जवळपास एक दिवस लागतो. सेक-ए हे प्रथिन त्याच्यात आढळत नाही. म्हणजे जेथे आरंभाचे वेळापत्रक समजून घेण्याची आपल्याला सर्वाधिक गरज आहे, तेथेच ई. कोलायचे उत्तर जसेच्या तसे लागू पडत नाही.

शिवारातील गाठ : सत्ता कोणाची?

आता लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या पाकिटाकडे वळू. सोयाबीनच्या मुळांवरील गाठी चिरून पाहिल्यास आत गुलाबी रंग दिसतो. त्या गाठींत ब्रॅडिरायझोबियम जातीचे जिवाणू हवेतील नत्र स्थिर करीत असतात. त्यांच्यातील डीएनएचे प्रमाण मातीत स्वतंत्र राहणाऱ्या जिवाणूंसारखेच राहते. गाठ कुजल्यावर त्यांतील जिवाणू मातीत परतून पुन्हा वाढू शकतात. तूर, मूग, उडीद आणि चवळी ही पिके वनस्पतिवर्गीकरणात सोयाबीनच्या जवळची आहेत.

मेथी, लसूणघास, वाटाणा आणि हरभरा यांचा गट निराळा. या गटातील लसूणघासाच्या कुळातील एका रानटी जातीवर आणि वाटाण्यावर फ्रान्समधील पीटर मेर्गार्ट, एव्हा कोंदोरोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केले. 2006 मध्ये त्यांनी दाखवून दिले की, गाठीत शिरलेल्या जिवाणूचे विभाजन थांबते, परंतु गुणसूत्राची प्रतिकृती थांबत नाही. एकाच पेशीत गुणसूत्रसंचाच्या प्रती साचत जातात. रानटी जातीत त्यांची संख्या 24 पर्यंत पोचते. पेशी लांबते, फुगते आणि कित्येकदा इंग्रजी वाय अक्षरासारखी फाटते. तिला पुन्हा स्वतंत्र जीवन जगता येत नाही. 2010 मध्ये याचे कारणही उलगडले. वनस्पती स्वतः तयार करीत असलेली एनसीआर नावाची छोटी पेप्टाइडे जिवाणूच्या शरीरात शिरतात आणि हे रूपांतर घडवून आणतात. त्यांपैकी एका पेप्टाइडामुळे सीटीआर-ए प्रथिनाच्या अखत्यारीतील जनुकांचे कार्य मंदावते, हे 2014 मध्ये आढळले. सीटीआर-ए म्हणजे कॉलोबॅक्टरच्या आरंभस्थानावर पहारा देणारे तेच प्रथिन. त्याच्या पुढच्या वर्षी, मुक्त जिवाणूत हे प्रथिन घटवल्यास पेशी फुगतात आणि गुणसूत्राच्या प्रती वाढतात, हेही दिसून आले. हरभऱ्यात हे रूपांतर इतके टोकाचे नसते. या पेप्टाइडांची संख्याही त्याच्यात कमी आहे.

या उदाहरणाचे तात्त्विक महत्त्व मोठे आहे. ‘जिवाणू आपल्या गुणसूत्राच्या प्रतिकृतीचे नियंत्रण करतो’ या विधानातील ‘आपल्या’ आणि ‘करतो’ हे दोन्ही शब्द येथे संशयास्पद होतात. यंत्रणा जिवाणूची आहे; परंतु तिची सूत्रे वनस्पतीच्या हाती गेली आहेत. प्रतिकृती आणि विभाजन यांची सांगड, जी मोकळ्या जिवाणूत सहजसिद्ध भासते, ती यजमानाच्या गरजेनुसार तोडता येते. जिवाणूच्या दृष्टीने हा वंशाचा शेवट होय. वनस्पतीच्या दृष्टीने तो नत्राचा पुरवठा होय. सोयाबीनच्या गाठीत हेच कार्य जिवाणूची स्वायत्तता न हिरावता चालते. एकाच शिवारात, खरीप आणि रब्बी अशा दोन हंगामांत, नियंत्रणाचे हे दोन प्रकार शेजारी शेजारी नांदत असतात. ते पाहण्यासाठी पॅरिसला जावे लागत नाही.

शब्दांची चिकित्सा

विज्ञानाच्या आकलनात परिभाषेचा वाटा मोठा असतो. या विषयापुरते दोन शब्द तपासून पाहणे उचित ठरेल.

पहिला शब्द ‘नक्कल’. वर्गात बोलताना आपण सर्रास ‘डीएनएची नक्कल’ असे म्हणतो. आपल्याकडे नक्कल म्हणताच तहसील कार्यालयातून मिळणारी सातबाऱ्याची नक्कल डोळ्यांसमोर येते. मूळ दस्त जागेवर राहतो आणि नक्कल अर्जदाराला मिळते. डीएनएच्या बाबतीत मूळ दस्तच दुभंगतो आणि त्याचा एकेक अर्धा भाग दोन्ही नव्या रेणूंत जातो. मूळ कोणते आणि नक्कल कोणती, हा भेदच उरत नाही. ‘प्रतिकृती’ हा शब्दही या दोषापासून पूर्णतः मुक्त नाही. तथापि त्याला दप्तरी अर्थाचे ओझे कमी आहे. ‘द्विगुणन’ हा शब्द परिणाम अचूक सांगतो, पण कृती सांगत नाही. कोणताही शब्द वापरावा, मात्र त्याची मर्यादा विद्यार्थ्याला सांगावी.

दुसरा शब्द ‘नियंत्रण’. मराठीत या शब्दाला प्रशासकीय वास आहे. नियंत्रण म्हटले की नियंत्रक आला, त्याचे आदेश आले, त्यांचे पालन आले. वर चर्चिलेल्या पुराव्यांत असा अधिकारी कोठेच आढळत नाही. आढळते ती परस्परांना रोखणाऱ्या आणि पुढे ढकलणाऱ्या क्रियांची साखळी. या अर्थासाठी ‘नियमन’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो, कारण नियम असण्यासाठी नियंता असावाच लागतो असे नाही. उलट गाठीतील जिवाणूच्या संदर्भात ‘नियंत्रण’ हाच शब्द योग्य, कारण तेथे खरोखरच एका जीवाची सत्ता दुसऱ्यावर चालते. दोन शब्द उपलब्ध असताना ते समानार्थी मानून वापरणे म्हणजे भाषेने दिलेली सोय वाया घालवणे होय.

अध्यापनाच्या दृष्टीने

यावर असा आक्षेप येऊ शकतो की, पदवीच्या विद्यार्थ्याला एवढा तपशील झेपणार नाही, आणि अभ्यासक्रम पूर्ण करण्याची मुदतही मर्यादित असते. आक्षेपात तथ्य आहे. परंतु येथे तपशील वाढवण्याची नव्हे, क्रम बदलण्याची सूचना आहे. 60 आणि 20 मिनिटांचे कोडे आधी मांडावे. विकरांची यादी नंतर द्यावी. ते कोडे सोडवण्यास गुणाकार-भागाकारापलीकडे गणित लागत नाही. प्रत्येक विधानापुढे ते कोणत्या जिवाणूविषयी आहे हे स्पष्ट लिहावे.

प्रात्यक्षिकाचीही सोय करता येईल. पेरणीनंतर दीड महिन्याने सोयाबीनची, आणि रब्बीत मेथी किंवा लसूणघासाची ताजी रोपे मुळांसह आणावीत. गुलाबी गाठ धुऊन काचपट्टीवर चुरडावी, पातळ लेप करून क्रिस्टल व्हायोलेटने साधे रंजन करावे आणि तैलभिंगाखाली पाहावे. सोयाबीनच्या गाठीतील जिवाणू आखूड दांड्यांसारखे दिसतील, तर दुसऱ्या गटातील लांबलेले आणि फाटे फुटलेले. डीएनएचे प्रमाण या पद्धतीने मोजता येत नाही, हे विद्यार्थ्याला प्रामाणिकपणे सांगावे. दिसतो तो परिणाम, कारणाचा पुरावा अन्यत्र आहे. निरीक्षण आणि अनुमान यांतील हा फरक समजणे हेही विज्ञानशिक्षणच आहे. यासाठी लागणारे साहित्य बहुतेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत असतेच. रोपे तर विद्यार्थ्यांच्याच शेतातून येतील.

समारोप

सारांश, जिवाणूच्या गुणसूत्राची प्रतिकृती ही अनेक क्रियांच्या परस्परसंबंधातून वेळ साधणारी प्रक्रिया आहे. 1963 च्या सिद्धान्ताने तिला पात्रे दिली. वेळेचे उत्तर वाढीच्या मापात, बेचक्याच्या स्वतःच्या कार्यात आणि काही ठिकाणी यजमान वनस्पतीच्या हस्तक्षेपात सापडले. जिवाणूगणिक हे उत्तर बदलते. आपले अध्यापन मात्र पात्रांची नावे सांगून थांबते, म्हणून विद्यार्थ्याला त्यांतील नाट्य कळत नाही.

आपल्या वर्गातील बरीच मुले अशा घरांतून येतात, जेथे जिवाणू संवर्धकाचे पाकीट त्यांनी स्वतःच्या हातांनी फोडलेले असते. त्या पाकिटातील जिवाणूविषयी त्यांना आपल्या विषयाने काही सांगू नये, ही उणीव विद्यार्थ्यांची नव्हे, आपली आहे. ती दूर करण्यासाठी नव्या अभ्यासक्रमाची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढच्या सत्रात प्रकरणाचा आरंभ ‘केव्हा’ या प्रश्नाने केला आणि एक गाठ वर्गात आणली, तरी पुरेसे आहे.